त्याचे पत्र आईला दाखवू का?

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

«मी ४८ वर्षांचा आहे. कोल्हापुरात राहतो, मूळ गाव कागल तालुक्यात. माझा जिवाभावाचा मित्र जून १९९९ मध्ये कारगिलच्या युद्धात, द्रास भागात कामी आला. तेव्हा तो २२ वर्षांचा होता आणि घरी त्याच्यासाठी मुलगी पाहून ठेवली होती. १९९६ साली आम्ही दोघे एकाच दिवशी भरतीला उभे राहिलो होतो. धावण्यात मी त्याच्या पुढे होतो, पण मेडिकलमध्ये सपाट तळपायांमुळे मला बाहेर काढले आणि तो निवडला गेला. त्याच्या अंत्यविधीनंतर बाराव्या दिवशी पोस्टमनने त्याचे निळे आंतरदेशीय पत्र माझ्या हातात ठेवले आणि काही न बोलता मान खाली घातली. पत्रात लिहिले आहे: ‘रात्री तोफा सुरू झाल्या की झोप लागत नाही. भीती वाटते रे. वर चढताना वाटत नाही, खाली येऊन बसले की वाटते. आईला यातले काही सांगू नको, मी खाली स्टोअरला आहे असे सांग. तुझे पन्नास रुपये आल्यावर देतो.’ हे पत्र मी आजवर कोणालाही दाखवलेले नाही, बायकोलाही नाही. दर दिवाळीला त्याच्या घरी जातो, त्याच्या आईच्या, म्हणजे काकींच्या, पाया पडतो, चहा घेतो, पण त्याचे नाव आम्ही दोघेही काढत नाही. काकी आता ७३ वर्षांच्या आहेत. गावच्या मंडळाने वेशीजवळ त्याचा पुतळा उभारायचे ठरवले आहे, आणि २६ जुलैला मी भाषण करावे, त्याची पत्रे असल्यास वाचून दाखवावीत, असा आग्रह चालला आहे. पत्र काकींना दाखवावे का? सभेत वाचावे का? त्याला भीती वाटत होती हे लोकांना कळले तर त्याच्या नावाला कमीपणा येईल का? त्यातच माझा २० वर्षांचा मुलगा अग्निवीर भरतीसाठी रोज पहाटे धावायला जातो. त्याला बुटांच्या नाड्या बांधताना पाहिले की माझ्या पोटात खड्डा पडतो.»

तुमचे पत्र आले त्या दिवशी मला उत्तर लिहिता आले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचले आणि मग लिहायला बसले. मूळ पत्रात तुम्ही मित्राचे नाव अकरा वेळा लिहिले आहे. तुमच्या इच्छेप्रमाणे ते येथे छापत नाही, पण ज्या माणसाने २६ वर्षे एक नाव ओठांवर येऊ दिले नाही, त्याने ते एका पत्रात अकरा वेळा लिहावे, यातच पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आले आहे असे मला वाटते.

आधी माझे मत सांगते, कारणे नंतर. पत्र काकींना दाखवावे आणि त्यांच्या वयाकडे पाहता लवकर दाखवावे. सभेत ते वाचू नये.

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. माझे धाकटे मामा १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर कामी आले. त्या काळी रणांगणावर पडलेल्या जवानाचे पार्थिव गावी आणण्याची रीत नव्हती. बहुतेकांचे अंत्यसंस्कार तिकडेच होत, घरी तार येई आणि काही दिवसांनी सामान येई. कारगिलच्या वेळी पार्थिव घरी पोहोचवले जाऊ लागले, म्हणून तुमच्या गावाला तुमच्या मित्राचे शेवटचे दर्शन तरी घेता आले. आमच्या आजीकडे आली ती एक काळी लोखंडी ट्रंक, जिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने मामांचा नंबर, हुद्दा आणि नाव घातलेले होते. आत दोन स्वेटर होते, दाढीचे सामान होते, कड उडालेला एक एनॅमलचा मग होता आणि निम्मा वापरलेला साबण होता. तो साबण आजीने कधी कोणाला हात लावू दिला नाही. मी जाणती होईपर्यंत तो वाळून, भेगा पडून नदीतल्या गोट्यासारखा झाला होता; तरीही दर उन्हाळ्यात ट्रंकेतल्या कपड्यांना ऊन दाखवताना ती तो हातात घेई, नाकाशी नेई आणि पुन्हा कापडात गुंडाळून ठेवी.

मामांचा एक मित्र होता. तो दर वर्षी चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून परतताना आमच्याकडे येई. कपाळावरचा गुलाल तसाच असे. सोप्यात भिंतीला टेकून बसे, आजी त्याला ताक देई, पाऊसपाणी, उसाचे बिल, म्हशीचे दूध एवढ्यावर बोलणे होई आणि तो उठे. तो गेला की आजी त्याचा रिकामा पेला हातात धरून चौकटीत बराच वेळ उभी राही. एकदा मी तेथेच होते, तेव्हा ती माझ्या आईला म्हणाली, “आज तरी कायतरी बोलंल वाटलं हुतं.” तिला दुःख होईल म्हणून तो गप्प राहत होता, आणि तो अवघडेल म्हणून ती विचारत नव्हती. अशी अठरा वर्षे गेली. मग तो यायचा थांबला, आणि काही वर्षांनी आजीही गेली. आज मामांविषयी मला जे ठाऊक आहे ते सगळे त्या ट्रंकेच्या झाकणावर मावते. त्यांना चहा कसा लागे, ते कोणत्या गोष्टीवर चिडत, हसताना त्यांचा आवाज कसा होई, यांतले काहीही सांगू शकेल असे आता कोणी उरलेले नाही.

तुम्ही दिवाळीला जाता, पाया पडता आणि चहा घेऊन उठता, हे वाचताना मला तो ताकाचा पेला दिसत होता. काकींच्या मनात नेमके काय आहे हे मी सांगू शकत नाही. पण ज्या घरात दर वर्षी मुलाचा मित्र येतो त्या घरातली आई त्या पाहुण्याला फक्त पाहुणा म्हणून पाहत नसते. त्याच्या केसांत पांढरे दिसू लागले की आपल्या मुलाचेही आता असेच झाले असते, हे ती मनात मोजत असते. आणि त्याच पाहुण्याच्या घरात तिच्या मुलाचे पत्र आहे.

तुम्हाला अडवणारी खरी गोष्ट ही दिसते की त्याने ‘आईला सांगू नको’ असे लिहिले आहे, आणि मेलेल्या मित्राचा शब्द मोडायचा कसा, हा प्रश्न आहे. याचा मी पुष्कळ विचार केला. आपण डोंगरावर चढतो आहोत हे कळून आईची झोप उडू नये, एवढ्यासाठी त्याने ते लिहिले. मुलगा जिवंत असेपर्यंत त्या विनंतीला अर्थ होता. ज्या दिवशी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी अंगणात उतरली, त्या दिवशी काकींना कळून चुकले की तो स्टोअरला नव्हता. तुम्ही आज जपत आहात त्या गुपितात त्यांच्यापासून लपवण्यासारखे काही उरलेले नाही. उरले आहे ते एवढेच, की मरणाच्या काही दिवस आधी, थंडीत, तोफांच्या आवाजात बसून त्याने आईची काळजी केली होती. हे त्यांचे आहे. पत्रावर पत्ता तुमचा असला तरी त्यातला जीव आईसाठी तळमळतो आहे.

आता भीतीविषयी. द्रासमधून जाणाऱ्या श्रीनगर-लेह रस्त्यावर ज्या शिखरांवरून शत्रूची नजर होती, ती १५ हजार फूट आणि त्याहूनही अधिक उंचीची, उघडीबोडकी शिखरे आहेत. अंगाला आडोसा देईल असे झाड नाही, झुडूप नाही. वर बंकरमध्ये बसलेल्याला खालची प्रत्येक हालचाल दिसे, म्हणून चढाई रात्री करावी लागे, तीही विरळ हवेत, पाठीवर दारूगोळा घेऊन. जूनच्या १३ तारखेला तोलोलिंग हाती आले, ४ जुलैला टायगर हिल आले, आणि २६ जुलैला युद्ध संपले तोवर आपले ५२७ जवान गेले होते. अशा ठिकाणी २२ वर्षांच्या मुलाला भीती वाटली नसती तर त्याला आपण कोठे आहोत हेच कळलेले नव्हते असे म्हणावे लागले असते. त्याने तर ते किती नेमके लिहिले आहे: चढताना वाटत नाही, खाली येऊन बसले की वाटते. म्हणजे तो चढला होता, खाली आला होता, भीती म्हणजे काय हे त्याला पुरते कळले होते, आणि त्यानंतर तो पुन्हा चढला. त्याच्या नावाला कमीपणा यात कोठून यावा? मला विचाराल तर वेशीवरच्या पुतळ्याहून ही एक ओळ त्याला अधिक उंच दाखवते.

मग सभेत का वाचू नये, असे तुम्ही विचाराल. कारण ती ओळ त्याने एकाच माणसाला लिहिली होती. ध्वनिक्षेपकावरून ती चौकात गेली की तिच्यावर टाळ्या पडतील, कोणी तिचे दृश्य मोबाइलमध्ये घेईल, आणि संध्याकाळपर्यंत ती अशा लोकांच्या हातांत असेल ज्यांना त्याचा चेहराही आठवत नाही. शिवाय काकींनी ती पहिल्यांदा गर्दीत ऐकावी, ही कल्पनाच मला सहन होत नाही. त्यांनी पत्र ऐकल्यावर, त्यांची इच्छा असेल तर आणि त्यांना हव्या तेवढ्याच ओळी, पुढे कधी वाचता येतील. तो निर्णय त्यांचा. मंडळाचाही नाही आणि तुमचाही नाही.

दगडावर काय राहते आणि काय राहत नाही, याविषयी थोडे लिहू द्या, कारण पुतळ्याचा विषय त्यातच येतो. करवीर तालुक्यातील बीड गावी तुम्ही गेला असालच. तेथे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, कितीतरी आहेत. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि सगळ्यांच्या वर सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. कीर्ती राहावी म्हणून एवढे कोरले, पण बहुतेक वीरगळांवर नाव नाही. कोणाचा मुलगा, कोणत्या गावच्या गाईगुरांसाठी पडला, हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते, म्हणून लिहिण्याची गरज कोणाला वाटली नसावी. आज कोठे कोठे त्याच दगडाला शेंदूर लागलेला दिसतो आणि माणसे देव म्हणून हात जोडतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले. तशा गावांमध्ये इंग्रज सरकारने जे संगमरवरी फलक लावले त्यांवर या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, असा आकडा कोरलेला असतो. नाव तेथेही नाही.

दिल्लीला २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारक झाले, तेव्हा स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावे त्यागचक्राच्या भिंतींवर एकेका ग्रॅनाइटच्या शिळेवर कोरली गेली. मी तेथे गेले आणि मामांची शिळा शोधून काढली. अक्षरांवरून बोट फिरवले, मन भरून आले, आईला दाखवायला फोटो काढला. आणि परत फिरताना लक्षात आले की येथेही तेवढेच लिहिले आहे जेवढे त्या ट्रंकेवर होते. ते लिहिले गेले याबद्दल माझ्या मनात केवळ कृतज्ञता आहे. दिल्लीच्या भिंतीकडून याहून अधिक मागणे गैर ठरेल. पण तुमच्या मित्राचे जे दिल्लीच्या भिंतीला ठाऊक नाही आणि द्रासच्या स्मारकालाही ठाऊक नाही, ते तुम्ही मला चार पानांच्या पत्रात सहज लिहून पाठवले आहे. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर पहाटे तालमीतून परतताना तो दोन ग्लास धारोष्ण दूध पीत असे आणि फेस ओठावर तसाच ठेवून ‘मिशी आली’ म्हणत असे. गुऱ्हाळावर काहिलीतला गरम गूळ धीर धरवत नाही म्हणून बोटाने चाटला आणि आठवडाभर जीभ बाहेर काढून हिंडला. रंकाळ्याच्या काठी बसायला त्याला आवडे, पण पाण्यात पाय सोडायला तो घाबरे, कारण त्याला पोहता येत नव्हते. आणि गावाकडे जाताना चढावर सायकल नेहमी तुम्हीच मारायचा, कारण मागे बसून तो तुम्हाला शिट्टीवर गाणे ऐकवत असे, तेही बेसूर.

हे लिहून काढा. दोनशेपानी वही आणा आणि रोज एक गोष्ट लिहा, मोठे शब्द न वापरता, घडले तसे. ‘तो फार धाडसी होता’ असे लिहू नका. गूळ चाटला ते लिहा. तारीख आठवत नसेल तर ऋतू लिहा, कोण कोण होते ते लिहा, तो जे शब्द बोलला ते त्याच्या बोलीत लिहा. त्याला कशाचा राग येई, तो तुमच्याशी कोणत्या गोष्टीवर भांडला, हेही आले पाहिजे. तुमच्यात काही कटुता झाली असेल तर तीही लिहा, कारण भांडण गाळले की माणूस फोटोतल्यासारखा दिसू लागतो. ज्या मुलीशी त्याचे जमत आले होते तिचा उल्लेख मात्र वहीत केला तरी तिचे नाव घालू नका. ती आज कोणाच्या तरी घरची आहे, आणि तिच्या आठवणीवर तिच्याखेरीज कोणाचा अधिकार नाही.

पुतळ्याला माझा विरोध नाही. गावाला आपला मुलगा वेशीवर हवासा वाटतो, यात चांगलेच आहे. त्यासाठी प्रशासनाची परवानगी लागते, ती मंडळाने आधी घ्यावी, म्हणजे पुढे विटंबना होणार नाही. आणि त्याआधी काकींना विचारावे, कारण त्या रस्त्याने बाजाराला रोज त्यांनाच जायचे आहे. खालच्या फलकावर त्याचे पूर्ण नाव, आईचे नाव, नंबर, हुद्दा, पलटण, जन्मतारीख, मृत्यूची तारीख आणि ठिकाण असावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून या नोंदी पडताळून घ्याव्यात, कारण दगडावरची चूक सहसा कोणी दुरुस्त करत नाही. ‘शहीद’ की ‘हुतात्मा’ यावरून मंडळात वाद चालला आहे असे तुम्ही लिहिता. लष्कराच्या कागदांत शहीद हा अधिकृत शब्द नाही, हे सरकारने संसदेतही सांगितलेले आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या हुतात्मा स्तंभापासून हुतात्मा हा शब्द रुळलेला आहे, तो ठेवावा आणि वाद मिटवावा. आणि त्याच्या डिजिटल फलकावर पुढाऱ्यांचे फोटो लावू देऊ नका. याबाबत तुम्ही ठाम राहा. तुमचे म्हणणे मंडळ ऐकेल, कारण त्याचा मित्र म्हणून गावात तुम्हालाच ओळखतात.

भाषणाला नाही म्हणू नका. त्या दिवशी मैदानात बसणाऱ्या बहुतेक मुलांचा जन्म १९९९ नंतरचा असेल. त्यांना पाच मिनिटे पुरतात. दूधकट्ट्यावरची मिशी सांगा, सायकल सांगा, त्याला पोहता येत नव्हते हे सांगा. आवाज दाटला तर थांबा, पाणी प्या, पुढे बोला.

आता सपाट तळपायांविषयी, कारण पत्रात तुम्ही ते एकाच वाक्यात उरकले असले तरी तेच वाक्य सर्वांत खोडून लिहिलेले आहे. ‘मी पुढे धावलो आणि तो गेला’ असे तुम्ही आधी लिहिले होते, ते शाई फिरवूनही वाचता येते. तुमच्या मनाने त्या दिवशीच्या मेडिकलचा एक हिशेब मांडला आहे, ज्यात एक जागा होती आणि ती तुमच्याऐवजी त्याला मिळाली. तसे काही घडलेले नाही. डॉक्टरांनी तुमचे पाय पाहिले आणि तुमच्याविषयी निर्णय दिला. त्याचे पाय पाहिले आणि त्याच्याविषयी दिला. तुम्ही निवडले गेला असता तर तोही निवडला गेलाच असता. जून १९९९ मध्ये तो द्रासलाच असता, आणि तुम्ही कदाचित दुसऱ्याच एखाद्या ठाण्यावर, हाती बातमी नसलेले. मागे राहिलेल्या माणसाला आपल्या जिवंत असण्याची किंमत कोणीतरी दुसऱ्याने भरली असे वाटत राहते; लढाईतून परतलेल्या जवानांनाही ते वाटते, घरी राहिलेल्या मित्रांनाही वाटते. ते खोटे आहे हे कळूनही जात नाही, म्हणून ते कोणाशी तरी बोलावे लागते. पत्नीपासून सुरुवात करा. जूनमध्ये झोप उडते, छाती धडधडते असे तुम्ही लिहिता, तेव्हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवा. तो विनाशुल्क आहे, मराठीत बोलता येते, आणि त्यावर फोन करणे यात तुमच्या मित्राला कमीपणा आणणारे काही नाही. त्याने स्वतःच तुम्हाला लिहून कळवले होते की त्याला झोप लागत नाही.

मुलाच्या बाबतीत मी थोडेच सांगेन. त्याला जाऊ द्यावे की थांबवावे, हे त्याचे आणि तुमचे घरचे बोलणे आहे. चार वर्षांची सेवा, त्यानंतर कायम होणाऱ्यांची मर्यादित संख्या, शिक्षणाचे काय, हे सगळे त्याच्यापुढे ठेवा. फक्त त्यात मित्राला साक्षीदार करू नका. ‘तो गेला म्हणून तू जाऊ नको’ असेही म्हणू नका आणि ‘तो गेला तसा तूही जा’ असेही नको. मुलाला त्या वहीतले वाचायला द्या, बस्स. एखाद्या पहाटे त्याच्याबरोबर मैदानापर्यंत चालत जा आणि कडेला बसून तो धावताना पाहा. तुमच्या पोटातला खड्डा लगेच भरणार नाही, पण तो कशामुळे पडतो हे मुलाला कळेल. आज त्याला बहुधा वाटत असेल की वडिलांचा आपल्यावर विश्वास नाही.

शेवटी काकींकडे कसे जायचे ते. दिवाळीची वाट पाहू नका आणि २६ जुलैच्या आसपासही जाऊ नका. तेव्हा घरात माणसे असतात आणि काकींना चेहरा सांभाळावा लागतो. साध्या आठवड्यातली दुपार निवडा, जेव्हा त्या घरी एकट्या असतील. जाण्यापूर्वी पत्राची झेरॉक्स काढून ठेवा. आंतरदेशीय पत्र घडीवर फाटते, तेव्हा उघडताना सांभाळा, आणि कोणी कितीही सांगितले तरी त्याला लॅमिनेशन करू नका. जाड कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, तेवढे पुरते. मिठाई नेऊ नका. बसल्यावर पाऊसपाण्याकडे वळू नका, नाहीतर तेथेच अडकाल. सरळ सांगा, “काकी, त्याचं एक पत्र माझ्याकडं आहे. मागाहून आलं. इतकी वर्षं तुम्हाला दिलं नाही. वाचून दाखवू का?” आणि मग गप्प राहा. हे गप्प राहणे लांबले तरी भरून काढू नका.

त्या नको म्हणाल्या तर पत्र परत ठेवा, ते तुमच्याकडे आहे हे त्यांना कळले एवढे झाले. त्या पुढे कधीतरी स्वतः मागतील. त्या रागावतील, हेही धरून चला. २६ वर्षे मुलाचे अक्षर आपल्यापासून दूर ठेवले याचा राग आईला आला तर तो रास्त आहे, आणि त्या वेळी तुमच्या मनाची अवस्था समजावून सांगत बसू नका. चुकलो, एवढे म्हणा. पण त्या वाचा म्हणाल्या तर सावकाश वाचा, त्याच्या बोलीत, एकही शब्द न गाळता. ‘भीती वाटते रे’ हेही वाचा. वाचून झाले की मूळ पत्र त्यांच्या हातात द्या आणि तेथेच राहू द्या. झेरॉक्स तुम्हाला पुरेल.

मग पन्नास रुपयांचे सांगा. कशासाठी दिले होते, कोठे दिले होते, तो घेताना काय म्हणाला होता, सगळे सांगा. काकी उठून डब्यातून पन्नासाची नोट काढून तुमच्यापुढे धरतील, असे मला वाटते. नको म्हणू नका. घ्या.